आयन-मारा आणि ऑक्सिडेशन: थरांच्या धातू-फिल्मवरचा प्रयोग कोणत्या क्रमाने करावा

दोन तुकडे घ्यायचे, एकावर आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करायचा, दोन्ही भट्टीत ठेवायचे आणि कुणावर जास्त ऑक्साइड चढले ते मोजायचे. बहुस्तरीय धातू-फिल्मवरचा हा प्रयोग बरेच जण असाच आखतात, आणि निकाल तिथेच फसतो. मारा झालेल्या तुकड्यात फक्त दोष (अणूंच्या मांडणीतल्या चुका) तयार झालेले नसतात. बीममुळे, म्हणजे आयनांच्या झोतामुळे, तो तापलेला असतो, वरचे काही नॅनोमीटर उडालेले असतात, पृष्ठावर कार्बन बसलेला असतो, थर एकमेकांत थोडे मिसळलेले असतात, धातूचे कण (सूक्ष्म स्फटिक) वाढलेले असतात. यातली प्रत्येक गोष्ट ऑक्सिडेशनचा वेग बदलते, काही वाढवतात तर काही कमी करतात. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच हेतूने लिहिला आहे: शेवटी जो फरक दिसेल तो नेमका कशामुळे आला, हे सांगता यावे.

उदाहरणांसाठी दोन जोड्या घेतो. झिर्कोनियम–नायोबियम आणि तांबे–नायोबियम. पहिल्या जोडीतले धातू उच्च तापमानाला एकमेकांत पूर्ण विरघळतात, दुसऱ्या जोडीतले जवळपास विरघळतच नाहीत. हा फरक पुढे वारंवार लागेल.

## टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

आधी मारा आणि मग ऑक्सिडेशन, दोन्ही एकाच वेळी, किंवा आधी ऑक्साइड वाढवून मग त्यावर मारा. हे तीन वेगळे प्रयोग आहेत आणि एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

बहुतेकांच्या हातात पहिलाच असतो, कारण आयन-बीम एका इमारतीत आणि भट्टी दुसऱ्या इमारतीत असते. पण त्याची मर्यादा नीट समजून घ्या. खोलीच्या तापमानाला मारा केला आणि नंतर तुकडा ३५०–४०० अंश से. पर्यंत तापवला, तर सुट्या रिक्ती (अणूंच्या रिकाम्या जागा) आणि सुटे आंतरस्थानी अणू (जागेबाहेर अडकलेले अणू) ऑक्सिजन पोहोचण्याआधीच बऱ्याच अंशी एकमेकांना किंवा इंटरफेसला (दोन थरांमधल्या सीमेला) भेटून नाहीसे होतात. उरतात ते डिस्लोकेशन लूप (दोष एकत्र येऊन बनलेली वलये), पोकळ्या, बुडबुडे, मिसळलेले थर आणि बदललेले कण. म्हणजे तुम्ही ‘मारा चालू असतानाचे विसरण’ (अणूंचे पसरणे) मोजत नसता, ‘माऱ्याने बदललेल्या रचनेचे ऑक्सिडेशन’ मोजत असता. निष्कर्षात हे शब्द असेच्या असे यायला हवेत.

## टप्पा २: पाच तुकडे, दोन नव्हे

फिल्म जमवण्याआधीच तुकड्यांचा हिशेब करा. सगळे तुकडे एकाच वेफरचे (चकतीचे), एकाच जमवणीतले हवेत.

१. मूळ फिल्म, थेट ऑक्सिडेशन.
२. बीम-होल्डरवर बसवलेला पण मास्कखाली झाकलेला भाग, मग ऑक्सिडेशन. याने बीमची उष्णता आणि चेंबरमधली हवा दोन्ही अनुभवलेली असते, फक्त आयन नाहीत.
३. मारा झालेला भाग, मग ऑक्सिडेशन.
४. मारा झालेला भाग, त्याच तापमानाला तितकाच वेळ, पण ऑक्सिजनशिवाय.
५. मारा झालेला, भट्टीत न गेलेला तुकडा. हा राखून ठेवायचा.

क्रमांक २ आणि ३ शक्यतो एकाच तुकड्याचे दोन अर्धे ठेवा: पातळ धातूच्या पट्टीने अर्धा भाग झाकायचा. दोन्ही अर्धे भट्टीत शेजारी असतात, त्यामुळे तापमानातल्या फरकाची शंका उरत नाही. क्रमांक ४ लोक सर्वाधिक वेळा गाळतात, आणि पुढे सर्वाधिक पस्तावतात ते त्याच्यासाठीच. तो नसेल तर कणांची वाढ माऱ्याने झाली की नुसत्या उष्णतेने, याचे उत्तर देता येत नाही.

तपासणी: मास्कच्या कडेपासून दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर भाग मोजमापातून वगळायचा, असे आत्ताच ठरवून टाका. कडेवर डोस, म्हणजे पडलेल्या आयनांचे प्रमाण, अर्धवट असतो.

## टप्पा ३: फिल्म आणि तिच्याखालचे सबस्ट्रेट

नुसत्या सिलिकॉनवर धातू बसवू नका. तांबे सिलिकॉनशी २०० अंश से. च्या आसपासच सिलिसाइड बनवते, आणि मारा त्या इंटरफेसवरचे मिश्रण आणखी सोपे करतो. थर्मल ऑक्साइड असलेला सिलिकॉन किंवा सॅफायर घ्या. सॅफायर विद्युतरोधक असल्याने फिल्मचा वरचा भाग क्लिपने होल्डरशी जोडून ग्राउंड करा, नाहीतर चार्ज साठतो.

थराची जाडी ठरवताना दोन बाजू ओढाताण करतात. पातळ थर म्हणजे इंटरफेस जास्त, दोष शोषण्याची जागा जास्त. पण ५ नॅनोमीटरच्या थरात मिश्रणही तेवढ्याच अंतरात होते, आणि मोठ्या डोसनंतर ‘बहुस्तरीय’ म्हणण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. पहिल्या प्रयोगाला २०–३० नॅनोमीटरचे थर घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. इंटरफेसचा परिणाम दिसतो आणि थर मारा सोसूनही ओळखू येतात.

सर्वांत वर कोणता धातू आहे, ते प्रत्येक नोंदीत लिहा. झिर्कोनियम ऑक्सिजनला नायोबियमपेक्षा घट्ट धरतो. नायोबियमचा ऑक्साइड झिर्कोनियमवर बसला, तर खालचा थर वरच्याकडून ऑक्सिजन ओढू शकतो. तांब्याखालच्या नायोबियमचेही तेच.

जमवणीनंतर लगेच एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटीने (परावर्तित एक्स-रेंवरून) जाडी, घनता आणि इंटरफेसचा खडबडीतपणा मोजा. स्पटर केलेल्या (आयनांनी धातूचे अणू उडवून बसवलेल्या) फिल्मची घनता पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी असू शकते, आणि हाच आकडा पुढच्या टप्प्यात लागतो.

## टप्पा ४: डोसचा हिशेब

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे थांबू.

आयन किती खोल जातात आणि किती नुकसान करतात ते काढणारे सॉफ्टवेअर, एसआरआयएम किंवा ट्रिम, काहीही म्हणा, त्यात बहुतेक धातूंची विस्थापन-ऊर्जा (अणूला जागेवरून हलवायला लागणारी ऊर्जा) आधीपासून २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरलेली असते. प्रचलित मानक आकडे वेगळे आहेत: तांबे ३०, झिर्कोनियम ४०, नायोबियम ६०. विस्थापनांची संख्या या ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात असल्याने नायोबियमसाठी २५ तसेच ठेवले तर नुकसान २.४ पट जास्त दिसते. ‘क्विक किन्चिन–पीज’ हा पर्याय निवडा आणि जाळीची बंधन-ऊर्जा शून्य ठेवा. विस्थापने मोजण्याच्या प्रचलित एनआरटी व्याख्येशी जुळणारे आकडे त्याने मिळतात आणि दुसऱ्यांच्या निकालाशी तुलना करता येते.

सॉफ्टवेअर आठपेक्षा जास्त थर घेत नाही. वीस थरांची फिल्म असेल तर सरासरी मिश्रण असलेला एक जाड थर घ्या, आणि मग जिथे बारकाईने पाहायचे आहे तेवढेच थर वेगळे मांडून दुसरी गणना करा.

डीपीएचा, म्हणजे प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागेवरून हलला याचा, हिशेब असा. समजा नायोबियमच्या थरात प्रत्येक आयनामागे प्रत्येक अँगस्ट्रॉमला ०.५ विस्थापने येतात आणि फ्लुएन्स (क्षेत्रफळामागे पडलेले एकूण आयन) १०^१५ आयन प्रति चौ. सेंमी आहे. ०.५ ला १०^८ ने गुणा (अँगस्ट्रॉमचे सेंमी करण्यासाठी), मग १०^१५ ने गुणा, आणि नायोबियमच्या अणुघनतेने, म्हणजे ५.५६ × १०^२२ ने भागा. उत्तर सुमारे ०.९ डीपीए. तेच ०.५ झिर्कोनियमच्या थरात आले तर अणुघनता ४.२९ × १०^२२ असल्याने १.१७ डीपीए. म्हणजे एकाच फिल्मला ‘अमुक इतके डीपीए’ असा एकच आकडा नसतो. दोन्ही धातूंचे आकडे द्या.

आयनची ऊर्जा अशी निवडा की आयन थांबण्याची जागा फिल्मच्या पलीकडे, सबस्ट्रेटमध्ये पडेल आणि फिल्म नुकसान जवळपास सारखे राहते त्या सपाट भागात येईल. थांबलेले आयन म्हणजे अशुद्धीच. हीलियम निवडला तर बुडबुडे मिळतात. तेच अभ्यासायचे असतील तर ठीक, नाहीतर तो टाळा.

इशारा: ही गणना तापमान, स्फटिकरचना आणि दोषांचे पुन्हा जुळणे यांपैकी काहीच पाहत नाही. डीपीए हे फक्त माप आहे. उरलेल्या दोषांची मोजदाद नाही.

## टप्पा ५: प्रत्यक्ष मारा

करंट. फॅरडे कपला (बीमचा करंट मोजणाऱ्या कपाला) इलेक्ट्रॉन रोखणारी ऋण व्होल्टेजची सप्रेसर रिंग चालू आहे ना, ते पाहा. ती बंद असेल तर आयनांनी उडवलेले दुय्यम इलेक्ट्रॉन कपबाहेर निसटतात, मीटर जास्त करंट दाखवतो आणि खरा डोस तुमच्या नोंदीपेक्षा कमी राहतो. एकदा धनभारित आयनांसाठी १ मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी म्हणजे सेकंदाला ६.२४ × १०^१२ आयन. १०० नॅनोअँपिअरला १०^१५ गाठायला सुमारे २७ मिनिटे लागतात. आयन दोनदा भारित असेल तर प्रत्येक आयन दोन भार आणतो, म्हणून वेळ दुप्पट. हा दोनाचा घोळ मी दरवर्षी कुणाच्या तरी वहीत पाहतो.

उष्णता. १ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टचा एकदा भारित आयन आणि १ मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी, म्हणजे १ वॅट प्रति चौ. सेंमी. व्हॅक्यूममध्ये ही उष्णता फक्त मागच्या बाजूने निघते, म्हणून तुकडा होल्डरला घट्ट चिकटलेला हवा. इंडियमची फॉइल चांगली, पण ती १५७ अंश से. ला वितळते. गरम माऱ्याला ती वापरू नका. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) होल्डरवर नव्हे, तुकड्याच्या पृष्ठाजवळ हवा.

कार्बन. याबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो. वर नायोबियम असलेली एक फिल्म आम्ही अर्धी झाकून मारली आणि भट्टीतून काढली. झाकलेला अर्धा भाग निळा, मारलेला तांबूस-सोनेरी. मधली रेघ इतकी स्वच्छ की पट्टीने आखल्यासारखी. ऑक्साइडची जाडी वाढते तसा नायोबियमचा रंग सोनेरीकडून जांभळ्या-निळ्याकडे जातो, त्यामुळे अर्थ उघड वाटला: माऱ्याने ऑक्सिडेशन मंदावले. आम्ही आकृत्याही काढायला घेतल्या. मग राखून ठेवलेला पाचव्या क्रमांकाचा तुकडा एक्सपीएसखाली (पृष्ठावरचे मूलद्रव्य ओळखणाऱ्या एक्स-रे तंत्राखाली) ठेवला, तर बीम पडलेल्या भागावर कार्बनचा थर निघाला, झाकलेल्या भागावर नाही. चेंबरमधल्या तेलाच्या वाफा बीमखाली तुटून तिथेच चिकटल्या होत्या. मंदावलेल्या ऑक्सिडेशनपैकी किती माऱ्याचे आणि किती त्या थराचे, हे सांगायला काहीच मार्ग नव्हता. ती अख्खी मालिका आम्ही पुन्हा केली.

तेव्हापासून: तेलरहित पंप, तुकड्याभोवती द्रव नायट्रोजनने थंड केलेले आवरण, आणि मारा सुरू करण्याआधी चेंबरचा दाब खाली येईपर्यंत धीर. तुकड्यावर बीमच्या आकाराचा तपकिरी डाग दिसला तर तो तुकडा ऑक्सिडेशनला वापरायचा नाही.

पृष्ठाची झीज. जड, कमी ऊर्जेचे आयन वरचे अणू उडवतात. प्रत्येक आयनामागे ५ अणू उडत असतील आणि फ्लुएन्स १०^१६ असेल तर नायोबियमचे सुमारे ९ नॅनोमीटर जातात. २५ नॅनोमीटरच्या वरच्या थरात ही एक तृतीयांशाहून जास्त घट आहे. ऑक्साइडची जाडी मोजताना ती धरावीच लागते.

इशारा: प्रोटॉन किंवा ड्यूटेरॉन वापरले असतील तर किरणोत्सर्ग मोजल्याशिवाय चेंबर उघडू नका.

## टप्पा ६: भट्टीच्या आधी थांबा

हा टप्पा छोटा आहे, पण तो वगळला की परत मागे जाता येत नाही. पाचव्या तुकड्यावर तीन गोष्टी पाहा: पृष्ठावर कार्बन आहे का, रिफ्लेक्टिव्हिटीत थरांची शिखरे अजून टिकली आहेत का, आणि कमी कोनाच्या एक्स-रे विवर्तनात शिखरे अरुंद झाली आहेत का. शिखर अरुंद होणे म्हणजे बहुधा कण वाढले. कण वाढले की कणसीमा कमी झाल्या, आणि ऑक्सिजनची जलद वाट त्याच असतात. नॅनो-आकाराचे कण असलेल्या फिल्ममध्ये माऱ्याने ऑक्सिडेशन मंदावलेले दिसले, तर पहिला संशय इथे घ्या.

मारा आणि भट्टी यांमधला काळ तुकड्यांनी कुठे काढला, तेही लिहा. नायोबियमवर नुसत्या हवेतही काही नॅनोमीटरचा ऑक्साइड बसतो. सगळे तुकडे सारखाच वेळ हवेत राहिलेले असावेत.

## टप्पा ७: ऑक्सिडेशन

तापमान गाठेपर्यंत ऑक्सिजन नको. व्हॅक्यूममध्ये तापवा, तापमान स्थिर झाल्यावर ऑक्सिजन सोडा, वेळ तिथून मोजा.

‘आर्गॉनमध्ये तापवले, म्हणजे ऑक्सिजन नव्हता’ हे झिर्कोनियमच्या बाबतीत खरे नाही. वातावरणीय दाबाच्या आर्गॉनमध्ये दशलक्षात एक भाग ऑक्सिजन असला तरी त्याचा आंशिक दाब ०.१ पास्कल होतो. १०^-४ पास्कलला साधारण सेकंदाला एका अणुथराएवढे रेणू पृष्ठावर आदळतात, ०.१ पास्कलला त्याच्या हजारपट. म्हणून चौथा तुकडा उच्च व्हॅक्यूममध्ये, शेजारी झिर्कोनियम किंवा टायटॅनियमची फॉइल ठेवून तापवा. ती फॉइल उरलासुरला ऑक्सिजन आधी खाते.

वेळांसाठी एक सोपी युक्ती: १५ मिनिटे, १ तास, सव्वादोन तास, ४ तास. यांची वर्गमुळे समान अंतरावर येतात, त्यामुळे वाढ पॅराबोलिक नियमाने (जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात) होत असेल तर जाडीही समान पायऱ्यांनी वाढलेली दिसते. प्रत्येक वेळेला वेगळा तुकडा वापरा. एकच तुकडा थंड करून, मोजून पुन्हा आत घातला तर ऑक्साइड आणि धातू यांच्या आकुंचनातल्या फरकामुळे भेगा पडतात आणि पुढचा ऑक्सिजन भेगांतून जातो.

पातळ थरात पॅराबोलिक नियम थर संपेपर्यंतच चालतो. धातू संपत आला, ऑक्सिजन पुढच्या इंटरफेसला पोहोचला की आलेखाला पायरी पडते. ही पायरी मोजमापातली चूक समजून गुळगुळीत करू नका. बहुस्तरीय फिल्ममधली सर्वांत मोलाची माहिती तिथेच असते: मारा झालेल्या तुकड्यात पायरी लवकर आली की उशिरा, आणि ती तीव्र आहे की मिसळलेल्या इंटरफेसमुळे पसरलेली.

तपासणी: २५ नॅनोमीटर नायोबियम पूर्ण ऑक्सिडाइझ झाला तर सुमारे ६७ नॅनोमीटर ऑक्साइड व्हायला हवा, झिर्कोनियमचा सुमारे ३९. मोजलेली जाडी याहून बरीच जास्त आली तर भेगा, पोकळ्या किंवा फिल्म उचलली जाणे यांपैकी काहीतरी घडले आहे.

## टप्पा ८: मोजमाप

एका तंत्रावर विसंबू नका, पण कोणते तंत्र कुठे फसवते तेवढे माहीत असले की दोन पुरतात.

रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंगला (मागे उसळलेल्या आयनांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या तंत्राला) झिर्कोनियम आणि नायोबियम वेगळे दिसत नाहीत. २ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हीलियमला दोघांतला फरक सुमारे ५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट पडतो, आणि नेहमीच्या डिटेक्टरचे रिझोल्यूशन १५ च्या आसपास असते. मिश्रण मोजायला तांबे–नायोबियम घ्या, किंवा दुसरे तंत्र वापरा. ऑक्सिजनसाठी मात्र हीलियमच्या ३.०४ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टजवळचा अनुनाद (जिथे ऑक्सिजनचा संकेत खूप वाढतो) उत्तम काम देतो.

एक्सपीएसमध्ये आर्गॉनने खणत खोलवर जाताना नायोबियमचा पेंटॉक्साइड खालच्या ऑक्साइडमध्ये बदलतो. खोलवर दिसलेले ‘कमी ऑक्सिडाइझ झालेले नायोबियम’ तुमच्या माऱ्याचे नसून त्या खणण्याचे असू शकते. पहिल्या क्रमांकाच्या तुकड्यावरही तेच दिसते का, आधी पाहा. सिम्समध्ये (पृष्ठ झिजवत उडालेले आयन मोजणाऱ्या तंत्रात) ऑक्साइड आणि धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतात, म्हणून वेळेचा अक्ष थेट खोलीचा मानू नका.

टीईएमसाठी (आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) काप काढताना पृष्ठावर आधी संरक्षक थर द्या आणि शेवटची घासणी कमी व्होल्टेजला करा. काप काढणाऱ्या गॅलियमच्या बीमनेही दोष तयार होतात, आणि ते माऱ्याच्या लूपसारखेच दिसतात. न मारलेल्या तुकड्याचा काप त्याच पद्धतीने काढून शेजारी ठेवणे हाच उपाय.

आणखी एक गोष्ट झिर्कोनियमवाल्यांसाठी. हा धातू ऑक्साइड बनण्याआधीच जवळपास २९ अणुटक्क्यांपर्यंत ऑक्सिजन विरघळवून ठेवतो. एकूण ऑक्सिजन वाढला म्हणजे ऑक्साइड वाढलाच, असे नाही. ऑक्साइडची जाडी आणि धातूत विरघळलेला ऑक्सिजन वेगळे नोंदवा.

## टप्पा ९: फरकाचा अर्थ कोणत्या क्रमाने लावायचा

तुकड्यांची तुलना ठरलेल्या क्रमाने करा. आधी १ आणि २: हे वेगळे निघाले तर उष्णतेचा किंवा चेंबरचा परिणाम आहे, आणि पुढची सगळी तुलना २ शी करायची, १ शी नाही. मग २ आणि ३: माऱ्याचा एकत्रित परिणाम. मग ४ आणि ५: भट्टीच्या उष्णतेने माऱ्याची रचना किती बदलली.

त्यानंतर कारणे एकेक करून बाद करा. झीज हिशेबात घेतल्यावरही फरक उरतो का? कार्बन नव्हता, याचा पुरावा आहे का? थर मिसळले असतील तर तेवढेच मिश्रण असलेली, पण मारा न केलेली मिश्रधातूची फिल्म जमवून तिचे ऑक्सिडेशन करा. तिचा वेग मारलेल्या तुकड्याइतका आला तर श्रेय मिश्रणाचे, दोषांचे नाही. तांबे–नायोबियमसारख्या न मिसळणाऱ्या जोडीत हा प्रश्न बराच सोपा होतो, कारण माऱ्याने मिसळलेले अणूही वेगळे व्हायला बघतात. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हीच जोडी घ्यावी.

ऑक्साइड कोणत्या दिशेने वाढतो, तेही बघा. झिर्कोनियमवर ऑक्सिजन आत जातो, तांब्यावर धातूचे आयन बाहेर येतात आणि मागे पोकळ्या राहतात. तांब्याच्या तुकड्यात पोकळ्या दिसल्या की त्या माऱ्याच्या म्हणून मोजायचा मोह होतो. पहिल्या तुकड्यातही तशाच पोकळ्या असतील तर त्या ऑक्सिडेशनच्या आहेत. शंका राहिली तर ऑक्सिजन-१८ वापरून दोन टप्प्यांत ऑक्सिडेशन करा: आधी साधा वायू, मग समस्थानिक. सिम्समध्ये ऑक्सिजन-१८ ऑक्साइडच्या पृष्ठाजवळ सापडला की धातू बाहेर येतो आहे, आतल्या इंटरफेसजवळ सापडला की ऑक्सिजन आत जातो आहे. मारलेल्या आणि झाकलेल्या अर्ध्यांत ही जागा बदललेली दिसली, तर ऑक्साइड वाढण्याची वाटच बदलली असे म्हणता येते. जाडीतल्या फरकापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम असतो.